तेलाचा हात

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सात रस्ता, सोलापूर
दि. २० नोव्हेंबर २०२४

ती. अप्पांना,
सिद्धेश्वरीचा सा. न. वि. वि.

परवा आपलं फोनवर जे झालं ते अख्ख्या वस्तीने ऐकलं, असं शिवूदादा सांगत होता. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही ओरडता, तुम्ही ओरडता म्हणून मी ओरडते आणि शेवटी कोण काय म्हणालं ते दोघांनाही कळत नाही. अव्वाने तुमच्या हातातून फोन काढून घेतला आणि यापुढे बापलेकीने कागदावर भांडायचं असा हुकूम सोडला, ते बरंच झालं. शिवूदादा रोज कामाला सोलापुरात येतोच, जाता-येता पत्रं पोचवील. कागदावर तुम्हाला मला मधेच तोडता येणार नाही.

तर फोनवर अर्धं राहिलेलं पुरं करते. आपलं पॉलिशचं दुकान मी मंजुनाथला देणार नाही. माझा चुलतभाऊ आहे, त्याचं भलं होवो. पण मोबाईलची कव्हरं विकायला त्याला आपलाच गाळा कशाला हवा? तुम्ही म्हणालात, पितळ आता कोण घासून घेतं, लोकांनी समया माळ्यावर टाकल्या, पोरगी एकटी सोलापुरात राहून माशा मारते. माशा मारत नाही, अप्पा. नवं काम घेतलंय.

करमाळ्याचे उदयसिंह म्हणून केळीचे मोठे बागायतदार आहेत. त्यांनी पुण्याहून एक जुनी परदेशी गाडी आणलीय, इतकी बुटकी की आत बसताना माणूस आधी वाकतो आणि मग पडतो. तिचा सायलेन्सर, म्हणजे इंजिनपासून मागच्या टोकापर्यंत धूर नेणारी नळी, टायटॅनियमची आहे. त्यावर चिखल, डांबर आणि कुठल्याशा रस्त्यावरची वितळून चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवी. गॅरेजवाला अजिंक्य त्यांना सांगत होता की हे काम सोलापुरात होत नाही, बंगळूरला पाठवा. मी माझ्या स्कूटीची केबल बदलायला तिथे थांबले होते. मी म्हणाले, होतं. कोण करतं, उदयसिंहांनी विचारलं. मी करते, म्हणाले. अजिंक्य हसला. तो हसला नसता तर कदाचित मीही घाबरले असते.

मार्गशीर्ष संपला की किल्ली मंजुनाथच्या हातात, असं तुम्ही ठरवलंय ना? असू द्या. त्याच्या आत हे काम करून दाखवते. मग किल्ली कोणाच्या हातात शोभते ते बोलू.

अव्वाला नमस्कार. कडक भाकरी संपत आल्यात, तेवढं तिच्या कानावर घाला. रागावला असलात तरी लोभ तसाच राहू द्या.

तुमची,
सिद्धू

॥ श्री ॥

वस्तीवरून, ता. अक्कलकोट
दि. २६ नोव्हेंबर २०२४

चि. सिद्धेश्वरीस,
रेवणप्पाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर सुधारलं आहे, जीभ सुधारलेली नाही.

आपल्या दुकानात देवाची भांडी आली, लग्नाच्या घागरी आल्या, मठातल्या घंटा आल्या. लोक चप्पल बाहेर काढून माल आत आणून ठेवायचे. आता तिथे गाडीच्या बुडाची धुराची नळी आली. हे ऐकायला देवाने माझे कान घालवले ते एका अर्थी ठीकच केलं, पण तू लिहून कळवलंस. मी आता त्या दुकानाची पायरी चढणार नाही. हे मी रागाने लिहीत नाही, शांतपणे लिहितो आहे.

तरीही काम घेतलंच आहेस तर नीट कर, कारण पाटीवर नाव माझं आहे. डाग जळका असेल तर चिंच आणि मीठ लाव, वर राखेचा हात दे. न निघाल्यास तारेच्या काथ्याने घास. शिवू म्हणाला, त्या नळीवर निळे-जांभळे पट्टे आहेत. तो भाजल्याचा डाग आहे, तो आधी काढ. डाग ठेवून माल परत देणं आपल्या घरात होत नाही.

दुसरं, शिवू म्हणाला की तू हातमोजे घालतेस. माझ्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धंच का आहे, हे तुला ठाऊक आहे. पॉलिशच्या फिरत्या चाकाने मोज्याचं टोक धरलं आणि मोज्यासकट बोट आत ओढलं. त्या दिवसापासून आपल्या दुकानात मोजा आला नाही. उघड्या हाताला धातू कळतो.

तिसरं. माल देताना खोबरेल तेलाचा हात फिरवल्याशिवाय तो उंबऱ्याबाहेर जात नाही. त्याने चमक टिकते हे एक, आणि मालकाने काम पास केलं हे दुसरं. हा माल मी पाहणार नाही, त्यामुळे त्याला तो हात मिळणार नाही. तसाच जाईल.

मंजुनाथ टेप घेऊन गाळा मोजायला येईल. त्याला चहा दे.

तुझी अव्वा भाकरी पाठवते आहे. तब्येत सांभाळ. आशीर्वाद आहेतच, मागावे लागत नाहीत.

रेवणप्पा

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सात रस्ता, सोलापूर
दि. ३ डिसेंबर २०२४

ती. अप्पांना,
सिद्धेश्वरीचा सा. न. वि. वि.

भाकरी पोचल्या. पत्रही पोचलं, भाकरीपेक्षा कडक होतं.

मंजुनाथ आला, त्याने गाळा मोजला, मी चहा दिला. पॉलिशच्या चाकाचं मशीन कुठे हलवणार असं त्याने विचारलं. मी म्हणाले, ते जमिनीत बोल्टने बसवलंय, तसं मलाही बसवलंय. तो कसंनुसं हसून गेला.

आता कामाचं. तुमची चिंच, मीठ, राख, तारेचा काथ्या, सगळं मी फळीवर उचलून ठेवलंय. हसू नका आणि ओरडूही नका, वाचा. हा धातू पितळेसारखा नाही. तो तापतो तेव्हा मीठ त्याला बाधतं. तारेने घासलं तर लोखंडाचे बारीक कण त्याच्या अंगात रुततात आणि पुढे तेच गंजून लाल ठिपके उठतात. मोबाईलवर पाहिलं, पण तिथले लोक खोटंही बोलतात, म्हणून नळीच्या न दिसणाऱ्या बाजूला थोडं थोडं करून पाहिलं आणि मगच पुढे गेले. प्लॅस्टिकची पिशवी लाकडी चमच्याने खरवडली. (तो चमचा अव्वाचा होता. तिला सांगू नका.) डांबर थिनरने विरघळलं. मग स्पिरिटने पुसलं, कापड काळं यायचं थांबेपर्यंत.

आणि तो निळा रंग डाग नाही, अप्पा. टायटॅनियम तापलं की त्यावर तो आपोआप चढतो, आधी सोनेरी, मग जांभळा, मग निळा. जिथे जेवढी आच लागली तिथे तेवढा. उदयसिंहांचा जीव त्या रंगावरच आहे. पॉलिशची पेस्ट लावली की तो निघून जातो, म्हणून इंजिनाकडच्या निळ्या भागाला पेस्टचं बोटही लावायचं नाही, नुसता स्पिरिटचा फडका. बाकी भाग राखाडी पडला होता, तो पेस्टने घासून आरशासारखा करायचा. तुम्ही असता तर सगळी नळी घागरीसारखी पिवळीधमक करायला निघाला असतात. मला ते डोळ्यांसमोर दिसलं आणि एकटीच हसले.

मोज्यांचं. तुमचं बोट मी विसरेन का? मी चौथीत होते आणि दवाखान्यात तुमच्या उशाशी बसले होते. चाकावर मी मोजा घालत नाही, कधी घालणारही नाही. पण ही नळी चाकावर घेतलीच नाही, सगळं हाताने चाललंय. आणि उघडा हात लावला तर बोटांचं तेल धातूवर राहतं, गाडी तापली की ते तिथेच भाजतं आणि ठसा उमटतो. मग तो पुसून जात नाही, पुन्हा पॉलिश करावी लागते. म्हणून मोजे. म्हणूनच या मालाला खोबरेल तेलाचा हात मुळीच चालत नाही. तुमचा नाही, माझा नाही, कोणाचाच नाही.

तसाही तो हात तुम्ही मला कधी लावू दिलात? आठवीपासून मी चाकापाशी उभी आहे. घासायला मी, उचलायला मी, आणि तेलाची वाटी आली की बाजूला हो म्हणायचे तुम्ही. मला त्याचं वाईट वाटायचं. अजून वाटतं. लिहून टाकलं, आता वाचा.

अव्वाला नमस्कार. लोभ करायला पायरी चढावी लागत नाही, तेव्हा तो असू द्या.

तुमची,
सिद्धू

॥ श्री ॥

वस्तीवरून, ता. अक्कलकोट
दि. ९ डिसेंबर २०२४

चि. सिद्धेश्वरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अव्वाने शिवूकडून मोठ्याने वाचून घेतलं. चमच्याचं कळलं आहे.

चिंच-मिठाने माझ्या आजोबांनी घंटा घासल्या. त्या घंटा अजून वाजतात. तुझी नळी शंभर वर्षांनी कुठे असेल ते बघायला तू आणि मी दोघंही नसू, म्हणून वाद घालत नाही. पण धातूला मीठ चालत नाही हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मीठ न चालणारा धातू आणि मीठ न चालणारी मुलगी, दोन्ही एकाच दुकानात जमलेत.

काम कुठवर आलं? घासताना कापड कोणतं घेतेस, सुती का ते नवीन लोकरीसारखं? हात एकाच दिशेने चालवतेस का गोल? गोल चालवलास तर उन्हात रेघा दिसतात. वाकलेल्या जागी बोटाला कापड गुंडाळून घास, नाहीतर आतल्या कडेला राखाडी पट्टा राहतो. माल कधी नेणार आहेत? मला त्याचं काही घेणं नाही. पाटीवर नाव आहे म्हणून विचारतो.

तेलाच्या हाताबद्दल लिहिलंस. आमच्या वडिलांनी तो हात मला माझ्या लग्नानंतर दिला. तोपर्यंत मीही बाजूलाच उभा राहत होतो. मला वाईट वाटलं की नाही हे मला कोणी विचारलं नाही.

मंजुनाथ मार्गशीर्ष अमावास्येची वाट बघतो आहे. मी दिलेला शब्द फिरवलेला नाही.

थंडी आहे, कानाला बांधत जा. आशीर्वाद.

रेवणप्पा

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सात रस्ता, सोलापूर
दि. १४ डिसेंबर २०२४

ती. अप्पांना,
सिद्धेश्वरीचा सा. न. वि. वि.

झालं! आज दुपारी झालं. तुम्ही काही घेणं नाही म्हणालात, तरी सांगते.

कापड सुती, जुन्या धोतराचं. नवीन लोकरीसारखं आणलं होतं पण ते पेस्ट पिऊन टाकतं. हात एकाच दिशेने. वाकलेल्या जागी राखाडी पट्टा खरंच राहत होता, तुम्ही लिहिलंत तसं बोटाला कापड गुंडाळलं आणि गेला. बघा, जे पटतं ते मी घेते.

आता नळी बाकावर ठेवलीय. इंजिनाकडचं टोक गर्द निळं, मग जांभळी झाक, मग जरा सोनेरी आणि तिथून पुढे एकदम लख्ख रुपेरी. शटर उघडलं की रस्त्यावरचे लोक थांबून बघतात. शेजारचे चहावाले महादेवप्पा म्हणाले, ही गाडीखाली कशाला लावायची, देव्हाऱ्यात ठेवा. अजिंक्य आला, त्याने नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली. मग म्हणाला, अशा आणखी दोन गाड्या आहेत माझ्याकडे, ही उदयसिंहांना पसंत पडली तर त्याही देतो. आधी का हसला होतास, असं मी विचारणार होते. विचारलं नाही. हे मोठेपण कृपया नोंदवून ठेवा.

मंगळवारी सकाळी अजिंक्य नळी नेऊन गाडीला बसवणार. सोमवारी दुकान बंद ठेवतेय. मी जुळे सोलापूरला ज्या रेश्माबरोबर राहते तिच्या भावाचा साखरपुडा आहे, दिवसभर तिकडेच असेन. नळी बाकावरच राहील, वर पांढरं फडकं घालून.

तुमची एक किल्ली तुमच्या करगोट्याला अजून आहे हे मला ठाऊक आहे. ती मंजुनाथला देण्याआधी एकदा विचार करा, एवढंच म्हणते. विनवत नाही.

लोभ वाढवायचा की नाही ते तुमच्यावर. माझा आहे तेवढाच आहे.

तुमची,
सिद्धू

वस्तीवरून
दि. १८ डिसेंबर २०२४

माझ्या सिद्धूला,
अव्वाचा लई आशीर्वाद.

शिवू लिवतोय, मी सांगती. मी सांगती तसंच लिव म्हटलंय त्याला, तुजं शाणपण घालू नगं.

तू बरी हायस का? माझा लाकडी चमचा टाकून दे, नवा घिऊन ये. त्या डांबराच्या चमच्यानं आता मी आमटी ढवळू का?

तुज्या अप्पाचं कायतरी बिघडलंय. परवा सोमवारी सकाळी पागोटं बांधलं, शेताकडं जातो म्हनले. सोमवारी आपल्यात बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाईत, बसवण्णाचा दिवस. मग शेतात काय काम? ते इचारलं तर म्हनले, बघून येतो. दिवेलागणीला आले. शर्टाला पॉलिशचा वास हुता. एवढी वर्सं त्यो वास धुतलाय मी, मला वळकत न्हाई व्हय? शिवूची गाडीबी त्या दिवशी हितं नव्हती. त्याला इचारलं तर मान खाली घालून लिवत बसलाय बघ.

जेवताना एकच म्हनले, "छलो माड्याळ." चांगलं केलंय म्हनून. कुनी, काय, ते सांगितलं न्हाई. दुसऱ्यांदा भाकरी मागून घेतली.

मी तुला कायबी सांगितलं न्हाई बरं का. येत जा की कवातरी. माया हाय तशीच हाय.

तुजी अव्वा,
निंगव्वा

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सात रस्ता, सोलापूर
दि. २३ डिसेंबर २०२४

ती. अप्पांना,
सिद्धेश्वरीचा सा. न. वि. वि.

काल उदयसिंह करमाळ्याहून आले. कमलाभवानीच्या दर्शनाला गाडी घेऊन गेले होते, तिथून तडक इकडे. गाडीतून उतरायच्या आधीच आवाज चढलेला. मला म्हणाले, बाई, हे काय करून ठेवलंत? अजिंक्यने गाडी वर उचलली. मी खाली वाकून पाहिलं.

लख्ख रुपेरी भागाच्या मधोमध एक हात उमटलाय, अप्पा. अख्खा पंजा, तळव्याच्या रेघांसकट, सोनेरी-तपकिरी. पुसून पाहिला, स्पिरिट लावून पाहिलं, जात नाही, भाजून बसलाय. देवळाबाहेर लोकांनी वाकून वाकून बघितला आणि हसले, असं उदयसिंह सांगत होते. दोन दिवसांत हे साफ झालं नाही तर करमाळ्यापासून सोलापूरपर्यंत एकही गाडी तुमच्याकडे येणार नाही, हेही सांगितलं. अजिंक्यने त्या दोन गाड्यांबद्दल पुन्हा शब्द काढला नाही.

पहिल्यांदा मला इतका संताप आला की मी अजिंक्यवरच धावून गेले. नळी बसवताना कोणी हात लावला म्हणून विचारलं. त्याने माझेच मोजे घालून बसवली होती. मग मी पुन्हा खाली गेले आणि बोटं नीट पाहिली.

करंगळीशेजारचं बोट अर्धंच आहे.

मी गाडीखालीच होते. वरून उदयसिंह विचारत होते, सापडलं का काही. सापडलं, मी म्हणाले. चूक दुकानाची आहे, दुकान निस्तरेल. कोणाचं नाव घेतलं नाही. नळी उतरवून घेतली, आता ती पुन्हा बाकावर आहे.

मी लिहिलं होतं ना, अप्पा? तेल चालत नाही म्हणून? तुमचाही नाही, असं चक्क लिहिलं होतं! पायरी चढणार नव्हतात, माल पाहणार नव्हतात, त्याला हात मिळणार नव्हता. तुम्ही स्वतःच लिहिलंय. माझ्यावर ओरडायला तुम्हाला सगळी वस्ती पुरत नाही, आणि एक शब्द चांगला म्हणायचा तर मी नसताना, कुलूप उघडून, चोरासारखा?

मला राग आलाय. आणि मी रडलेही. दोन्ही खरं आहे.

पेस्ट लावून घासलं की तासाभरात हात निघेल. मोजे घातलेत, कापड घेतलंय, पेस्टची डबी उघडून ठेवलीय आणि कालपासून मी घासत नाहीये. आठवीपासून ज्याची वाट पाहिली तो हात माझ्या कामावर पडला आणि तोच पुसायचा. उद्या संध्याकाळपर्यंत नळी द्यायचीय. दुकान राहणार की जाणार ते त्यावर आहे, आणि तरी मी तुम्हाला विचारतेय. पुसू का?

शिवूदादाला सांगितलंय, उत्तर घेतल्याशिवाय परत यायचं नाही.

लोभाचं आज काही लिहीत नाही.

सिद्धू

॥ श्री ॥

वस्तीवरून, ता. अक्कलकोट
दि. २३ डिसेंबर २०२४, संध्याकाळ

चि. सिद्धेश्वरीस,
अनेक आशीर्वाद.

पूस. ताबडतोब पूस. माल लोकांचा आहे.

तू लिहिलं होतंस, मी वाचलं होतं, आणि तरी लावला. शिवूच्या मागे बसून आलो ते फक्त बघून परत फिरायला. फडकं उचललं. आत दुसरं कोणी नव्हतं. मी आयुष्यभर डाग काढले, सिद्धू. आच लागलेल्या धातूवर असा निळा रंग असतो हे मला कोणी दाखवलं नव्हतं. वाकलेल्या जागी बोट फिरवून पाहिलं, पट्टा नव्हता. फळीवर तेलाची वाटी नेहमीच्या जागी होती. मग हात थांबला नाही. चांगला माल समोर असताना तो थांबवायची मला सवय नाही.

चोरासारखा आलो हे खरं. पायरी चढणार नाही असं लिहून बसलो होतो, मग दिवसाढवळ्या तुझ्यासमोर कसा चढणार? तुझा हट्ट कुठून आला असं तुझी अव्वा नेहमी विचारते. आज तिने विचारलं नाही.

त्या उदयसिंहांना सांग, हात दुकानाच्या म्हाताऱ्याचा होता. माझं नाव लपवू नकोस, पाटीवर आहेच. आणि त्यांना असंही सांग की ज्या मालाला तो हात लागत नसे तो आम्ही परत घासायला घेत असू.

मंजुनाथला आज बोलावून सांगितलं की दुसरा गाळा बघ. तो म्हणाला, काका, तुम्ही शब्द दिला होता. मी म्हणालो, दिला होता, आता फिरवला. माणसाने एकदा तरी शब्द फिरवून बघावा, फार काही होत नाही.

पितळेचा जो माल येईल त्याला तेलाचा हात यापुढे तू लाव. तुझ्या लग्नाची वाट बघत नाही. मला उभं राहायला बाजूला थोडी जागा ठेव. सोमवारी येतो, या वेळी शटर उघडं असताना.

आशीर्वाद. लोभाचं तू लिहिलं नाहीस, मी लिहितो: आहे.

रेवणप्पा

ता. क. त्या दुसऱ्या दोन गाड्या आल्या तर नळ्यांना हात लावण्याआधी माझ्या मापाचे मोजे आणून ठेव. चाकावर घालणार नाही. उजव्या मोज्याचं करंगळीशेजारचं बोट अर्ध्यावर शिवून घे. रिकामं टोक लोंबलेलं मला चालत नाही.